पाच मिलिव्होल्टचा गूळ

मासिकाच्या संपादक मंडळातली दोन पोरं गेल्या आठवड्यात लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "सर, मराठी विभागाला पानं कमी पडतायत. काहीही लिहा, पण ते 'अभियंता आणि राष्ट्रउभारणी' वगैरे नको." बरं झालं, तेवढं तरी सांगितलं! मी याच कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये चार वर्षं काढली आहेत आणि राष्ट्राची उभारणी राहू द्या, पहाटे आठच्या लेक्चरला स्वतःची उभारणीही मला जमत नसे. तेव्हा लिहितो ते आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टबद्दल. वर्ष २००५-०६. त्या प्रोजेक्टला फर्स्ट क्लासचे मार्क पडले, हे खरं आहे. पण त्यात एका माणसाचं नुकसान झालं, हे रिपोर्टात छापलेलं असूनही कुणी वाचलेलं नाही. प्रोजेक्ट रिपोर्ट कोण वाचतं म्हणा!

माझा रूम पार्टनर कोल्हापूरकडचा. घरचं गुऱ्हाळ. दर सुट्टीहून येताना हा पठ्ठ्या बॅगेत पुस्तकांऐवजी गुळाची ढेप आणायचा, म्हणून अख्खी विंग त्याला 'ढेप्या' म्हणायची. रात्री दोन वाजता मॅगी नसेल तर गूळ-शेंगदाणे ही आमच्या विंगची राष्ट्रीय डिश होती. तर ढेप्याच्या डोक्यात आलं की प्रोजेक्ट गुऱ्हाळावरच करायचा.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उसाचा रस मोठ्या काहिलीत घालतात, खाली चुलवाणात चिपाडं जाळतात. रस उकळतो, मळी वर येते, ती काढतात, पाणी उडत जातं आणि शेवटी पाक घट्ट होऊ लागतो. मग तो नेमक्या क्षणी काहिलीतून वाफ्यात ओतायचा. हा क्षण ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी करून बघतो, बुडबुड्यांकडे बघतो आणि म्हणतो, "उतरा." लवकर उतरवला तर गूळ मऊ पडतो आणि पावसाळ्यात पाघळतो. उशीर झाला तर काळा पडतो, करपट लागतो. पुस्तकं सांगतात की काकवीला १०५-१०६ अंश, ढेपेच्या गुळाला ११६ ते ११८, गूळ पावडरीला १२० ते १२२. म्हणजे सगळा खेळ दोन-तीन अंशांचा, आणि शेवटचे अंश भराभर चढतात कारण पाणी संपलेलं असतं.

ढेप्याच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला सगळे आबा म्हणायचे. वय सत्तरीच्या घरात, डोळ्याला मोतीबिंदू. ढेप्याच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हीच काळजी होती की आबांनंतर कोण? आम्ही म्हटलं, आम्ही आहोत ना! काहिलीत थर्मोकपल सोडायचा, कॉम्प्युटरवर ग्राफ काढायचा, आबा कोणत्या तापमानाला उतरवतात ते नोंदवायचं, झालं काम. सिनॉप्सिस एका संध्याकाळी लिहून झाला. त्यात 'परंपरागत कौशल्याचे डिजिटायझेशन' असा शब्दप्रयोग होता आणि आम्हाला त्याचा भयंकर अभिमान होता.

डिपार्टमेंटमध्ये बारा बिटचं एक पीसीआय डेटा अ‍ॅक्विझिशन कार्ड होतं. त्याला हात लावायला एचओडींची सही लागायची. सही मिळाली, कार्ड डेस्कटॉपमध्ये बसवलं, के टाइप थर्मोकपलच्या दोन तारा सरळ कार्डाच्या इनपुटला जोडल्या, टोक उकळत्या पाण्यात बुडवलं आणि स्क्रीनकडे बघत बसलो. शून्य. शून्य. शून्य. मग एकदम एक. परत शून्य.

ढेप्या म्हणाला, "कार्ड गेलं बहुतेक."

कार्ड ठणठणीत होतं. आम्हीच गणित केलं नव्हतं. के टाइप थर्मोकपल एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. बर्फापासून मोजलं तरी ११८ अंशांना फक्त ४.८ मिलिव्होल्ट. आणि आमचं कार्ड उणे १० ते अधिक १० व्होल्ट मोजणारं. वीस व्होल्टचे ४०९६ भाग केले की एक पायरी ४.८८ मिलिव्होल्टची. म्हणजे बर्फापासून गुळापर्यंतचा सगळा प्रवास कार्डाची एक पायरीसुद्धा भरत नव्हता! रस असो, काकवी असो की गूळ, कार्डाच्या हिशोबी सगळं एकच. पोत्यांच्या काट्यावर लवंगा मोजायला बसलो होतो आम्ही.

मग अ‍ॅम्प्लिफायर आला. हजारपट वाढवला की ४.८ मिलिव्होल्टचे ४.८ व्होल्ट, एका अंशाला ४१ मिलिव्होल्ट, आणि एक पायरी म्हणजे जेमतेम ०.१२ अंश. वा! लॅबच्या डब्यात ७४१ पडलेलेच होते. सेकंड इयरपासून ७४१ शिवाय आम्ही दुसरा ऑप-अ‍ॅम्प पाहिलाच नव्हता. लावला. आता थर्मोकपल काढून इनपुटच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडल्या तरी स्क्रीनवर पन्नास अंश! कारण ७४१ चा स्वतःचाच ऑफसेट दोन मिलिव्होल्टच्या आसपास असतो आणि सहापर्यंत चालतो असं डेटाशीटमध्ये स्वच्छ छापलेलं आहे. दोन मिलिव्होल्ट म्हणजे आमच्या भाषेत ४९ अंश. सहा म्हणजे १४६. ज्या माणसाच्या खिशातच आपल्या सगळ्या मालापेक्षा मोठी चूक आहे, त्याला आपण हिशोबनीस नेमलं होतं. पॉट फिरवून शून्य केलं, पॉटला नेलपॉलिश लावलं (कुणाचं ते विचारू नका, लेडीज हॉस्टेलच्या वॉचमनला अजून आठवत असेल), पण पंखा लावला की आकडा सरके, बंद केला की परत सरके.

शेवटी गाइड सरांनी एक चिठ्ठी लिहून दिली, 'एडी ६२०'. मी पुण्याला तपकीर गल्लीत जाऊन आणला. महिन्याचा चहा बंद झाला, पण काय चीज आहे! एकच रेझिस्टर लावायचा, ४९.९ ओहम, की गेन ९९१. दोन तारांमधला फरक तेवढा वाढवतो आणि दोन्हींवर सारखाच आलेला कचरा बाजूला ठेवतो. सप्लायला दोन नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या लावल्या, त्यामुळे लोडशेडिंगचाही प्रश्न सुटला.

राहिलं कोल्ड जंक्शन. थर्मोकपल खरं तर तापमान सांगतच नाही. तो दोन टोकांमधला फरक सांगतो. सीबेकने १८२१ साली हे पाहिलं तेव्हापासून त्यात काही बदल झालेला नाही. गरम टोक काहिलीत, थंड टोक जिथे त्याच्या खास धातूच्या तारा संपून तांबं सुरू होतं तिथे. त्या थंड टोकाचं तापमान वेगळं मोजून बेरजेत घ्यावं लागतं. आम्ही सर्किटच्या बोर्डावर एलएम ३५ बसवला, अंशाला दहा मिलिव्होल्ट, आणि व्हीबीच्या प्रोग्रॅममध्ये बेरीज केली. लॅबमध्ये बर्फात शून्य आलं, उकळत्या पाण्यात ९८ आलं. ९८ का, तर आमचा भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे पाणी त्यालाच उकळतं. हे आम्हाला माहीत होतं याचाही आम्हाला अभिमान होता. हा ९८ लक्षात ठेवा, पुढे तो आम्हाला नडणार आहे.

जानेवारी २००६ मध्ये डेस्कटॉप, भला थोरला सीआरटी मॉनिटर, यूपीएस आणि आम्ही दोघं असे जीपमधून गुऱ्हाळावर पोचलो. धूर आणि चिपाडं यांच्यापासून लांब म्हणून कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत ठेवला. काहिलीपासून अंतर पंधरा मीटर. थर्मोकपलची स्वतःची तार मीटरभरच. पुढे काय? कॉम्पेन्सेटिंग केबलचा पंधरा मीटरचा भाव ऐकून आम्ही दुकानातूनच परत फिरलो होतो. "तांब्याची तार ती तांब्याची तार," असं म्हणून ढेप्याने घंटीची साधी वायर आणली होती. काहिलीजवळच्या लाकडी मेढीला प्लास्टिकचं टर्मिनल ठोकलं, तिथे थर्मोकपलच्या तारा संपवल्या आणि पुढे घंटीची वायर थेट खोलीपर्यंत, वाटेत घाण्याच्या मोटरच्या केबलला बांधून. लोंबकळू नये म्हणून हो!

पहिल्या दिवशी स्क्रीनवर जे दिसलं त्याने आम्ही नाचायचे बाकी होतो. तापमानाच्या चढत्या रेषेवर एक सुंदर लाट होती. अडीच सेकंदांनी वर, अडीच सेकंदांनी खाली, अगदी गुळगुळीत. ढेप्या म्हणाला, "ही उकळी आहे! काहिलीचं श्वास घेणं दिसतंय आपल्याला!" संध्याकाळी लाट जलद झाली. म्हटलं, बरोबर आहे, जाळ वाढवला असणार. रात्री कंदिलाच्या उजेडात मी वहीत दोन पानं लिहिली, 'उकळीची लय आणि पाकाची घनता'. पेपर पब्लिश करायचा विचार झाला. कुठल्या जर्नलला पाठवायचा यावर वादही झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलवाण पेटायच्या आधीच घाणा सुरू झाला. काहिलीत थंडगार रस पडत होता आणि स्क्रीनवर लाट. तीच. थंड रस उकळत होता!

ढेप्याने माझ्याकडे बघितलं, मी ढेप्याकडे. मग गाइड सरांना मोबाइल लावला. तेव्हा इनकमिंग फुकट आणि आउटगोइंग जिवावर यायचं, म्हणून सगळं घाईघाईत सांगितलं. सर शांतपणे म्हणाले, "सॅम्पल किती घेताय?"

"सेकंदाला दहा, सर."

"आणि लाइनचा हम किती हर्ट्झचा?"

"पन्नास, सर."

"फिल्टर कुठे आहे?"

"सॉफ्टवेअरमध्ये आहे सर, दहा रीडिंगचं अ‍ॅव्हरेज..."

"सॉफ्टवेअरमध्ये," एवढंच म्हणून सरांनी फोन ठेवला. त्या एका शब्दात आमच्या चार वर्षांची गुणपत्रिका होती.

थोडा विचार केल्यावर कळलं. मोटरच्या केबलला बांधलेल्या आमच्या वायरीत लाइनचा हम शिरत होता. लाइन अगदी ५० हर्ट्झला असती तर सेकंदाला दहा सॅम्पलमध्ये तो प्रत्येक वेळी एकाच जागी सापडला असता आणि स्थिर दिसला असता. पण त्या दिवसांत विजेच्या तुटवड्यामुळे वारंवारता बहुतेक ५० च्या खालीच रेंगाळायची. ४९.६ असली की ५० वजा ४९.६ म्हणजे ०.४ हर्ट्झ, अडीच सेकंदांची लाट. संध्याकाळी लोड वाढला की वारंवारता आणखी खाली, म्हणून लाट जलद. आम्ही गुळाची नाही, विजेच्या ग्रिडची नाडी बघत होतो! एलियासिंगवर मला युनिव्हर्सिटी पेपरात आठपैकी सात मार्क होते, बरं का. आणि यातली खरी मेख अशी की एकदा सॅम्पल घेतल्यावर आलेला ०.४ हर्ट्झ खऱ्या उकळीचा की विजेचा, हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर नुसत्या आकड्यांवरून सांगू शकत नाही. जे गाळायचं ते कार्डाच्या आधी गाळायचं. मळी जशी काहिलीतच काढतात, वाफ्यात ओतल्यावर नाही.

गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून दहा के चा रेझिस्टर आणि दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला. कटऑफ १.६ हर्ट्झ. पन्नास हर्ट्झ तीसपट खाली. वायर मोटरच्या केबलपासून सोडवून दोन्ही तारांना एकमेकींचा पीळ मारला. लाट गेली. रेघ अशी देखणी आली की बघत राहावं.

आणि इथेच आमचा घात झाला. रेघ स्वच्छ झाली म्हणजे रेघ खरी झाली असं आम्ही धरून चाललो.

खरं तर खुणा समोर होत्या. रस उकळायला लागला तेव्हा स्क्रीनवर ९४ होते. मी म्हटलं, "शंभर पाहिजेत ना?" ढेप्या म्हणाला, "अरे ९८ ला उकळतं इथे, विसरलास?" मग राहिलेले चार? "वाऱ्यामुळे असेल." त्या ९८ ने आमचं तोंड बंद केलं. अर्धं खरं उत्तर हाताशी असलं की उरलेलं अर्धं कुणी शोधत नाही. आबांनी उतरवलेली प्रत्येक काहिल आमच्या स्क्रीनवर १०८ ते ११० ला उतरत होती. पुस्तकात ११६ ते ११८. यावरून आम्ही काय अनुमान काढावं? आमचं मोजमाप चुकतंय? छे! आबा घाई करतायत!

तिसऱ्या दिवशी जेवताना आम्ही हे अण्णांना समजावून सांगितलं. पावसाळ्यात तुमचा गूळ का पाघळतो याचं हे शास्त्रीय कारण आहे, असंही सांगितलं. मी सांगितलं. ढेप्या नुसता मान हलवत होता. अण्णा म्हणाले, "एक आधण तुमच्या मशीनवर काढून बघू."

आबा काही बोलले नाहीत. दुपारच्या आधणाला त्यांनी नेहमीसारखी पाण्यात गोळी केली, बोटांत फिरवली आणि आमच्याकडे बघितलं. "आता उतराय पायजे."

मी खोलीच्या दारातून ओरडलो, "थांबा आबा, १०८ आहे. अजून दहा अंश आहेत."

"पोरा, वास बघ."

"अजून थोडं, आबा."

अण्णांनी आबांना हाताने थांबा म्हटलं. ११२. ११४. शेवटचे अंश फार पटकन चढतात हे मी वर लिहिलंच आहे. ११८ झाले तेव्हा मी 'उतरा' म्हणायच्या आधीच आबांनी काहिल उचलायला लावली होती. वाफ्यात पडला तो पाक काळपट तांबडा होता आणि सगळ्या गुऱ्हाळघरात करपलेला वास भरला. तीस-तीस किलोचे सहा रवे. हातोडीने फोडावे लागतील असे कडक, काळे, चवीला कडवट.

कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अण्णा म्हणाले, "जनावरांना घालायच्या भावात जाईल." किती रुपये गेले ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि ढेप्याने मला कधी विचारू दिलं नाही. आबा चुलवाणाशी जाऊन बसले. पुढच्या आधणाला त्यांनी आमच्या खोलीकडे पाहिलंसुद्धा नाही. आम्ही संध्याकाळीच सामान बांधलं. जीपमध्ये दोघं एक शब्द बोललो नाही.

आठवडाभर लॅबमध्ये सेटअप परत लावला. बर्फात शून्य, उकळत्या पाण्यात ९८. अचूक! हेच जास्त त्रासदायक होतं. चूक असती तर दुरुस्त करता आली असती. इथे तर सगळं बरोबर होतं आणि सहा रवे जळाले होते. ढेप्या म्हणाला, "पाकात आणि पाण्यात काहीतरी फरक असेल." मी तर आबांनाच दोष देण्याच्या बेतात होतो.

चूक सापडली ती आमच्या लॅबमामांमुळे. ते एका स्पीकरचं काम करत बसले होते आणि त्यांनी सोल्डरिंग आयर्नचा स्टँड आमच्या टेबलावर सरकवला, त्या प्लास्टिकच्या टर्मिनलशेजारी. थर्मोकपल गरम पाण्यात होता, त्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि स्क्रीनवरचा आकडा उतरायला लागला. ९८, ९६, ९३...

"मामा, काय केलंत?"

"काय बी केलं नाही बाबा. गन तापवतोय."

गरम केलं आणि आकडा उतरला! मी आणि ढेप्या एकदमच उठलो. थर्मोकपल फरक सांगतो. थंड टोक म्हणजे जिथे त्याच्या तारा संपून तांबं सुरू होतं ते. गुऱ्हाळावर ते टोक खोलीतल्या बोर्डावर नव्हतंच, ते काहिलीजवळच्या मेढीवर होतं, चुलवाणाच्या धगीत. आणि आमचा एलएम ३५ पंधरा मीटर लांब, सावलीत, आरामात. लॅबमध्ये दोन्ही एकाच टेबलावर होते म्हणून सगळं बरोबर येत होतं. मेढीवर ४१ अंश आणि खोलीत ३२ असतील, तर नऊ अंश कमी दिसणार. जाळ जितका जोरात, तितका आकडा खोटा. म्हणून उकळीला चार अंश कमी आणि शेवटी नऊ. आबा ११७ लाच उतरवत होते. अगदी पुस्तकाप्रमाणे, पुस्तक न वाचता. आम्ही त्यांना १२७ पर्यंत थांबवलं होतं.

सबमिशनला तीन आठवडे राहिले होते. आता तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात जे येईल तेच आमच्या मनात आलं. नऊ मिळवून टाकू! जुन्या रीडिंगांत सरसकट नऊ मिळवले की ग्राफ ११७ ला संपतो, पुस्तकाशी जुळतो, परत गुऱ्हाळावर जायची लाज नको. शेजारच्या विंगमधल्या एका ग्रुपने तर एक्सेलमध्ये अख्खा प्रोजेक्ट 'मोजला' होता आणि त्यांचे ग्राफ आमच्याहून सुंदर होते. पण नऊ कुठून आणले ते काय सांगणार? सुरुवातीला चार होते, शेवटी नऊ, मध्ये जाळाप्रमाणे काहीही. मेढीचं तापमान आम्ही नोंदवलंच नव्हतं. जी गोष्ट मोजलीच नाही ती नंतर मिळवायची कशी? ढेप्या रात्री उशिरापर्यंत गच्चीवर बसला होता. खाली येऊन म्हणाला, "मी अण्णांना फोन करतो."

अण्णांनी काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही. फेब्रुवारीत आम्ही परत गेलो. या वेळी पंधरा मीटर कॉम्पेन्सेटिंग केबल नेली. माझ्या दोन महिन्यांच्या मेस बिलाचे पैसे त्यात गेले आणि मेसच्या काकांनी उधारीवर जेवू घातलं, त्यांचे उपकार आहेत. केबल थेट बोर्डापर्यंत आणली, जिथे ती संपते त्या स्क्रूला चिकटूनच एलएम ३५ बसवला, वर थर्मोकोलचं झाकण ठेवलं. शील्ड फक्त एका टोकाला अर्थ केली. आणि अट अण्णांची, पण ती आम्हीही मागितलीच असती, की स्क्रीनवर काय दिसतं ते एक शब्द बोलायचं नाही.

दोन दिवस, नऊ आधणं. आम्ही खोलीत बसून फक्त कागदावर लिहीत होतो. आबा 'उतरा' म्हणाले की मी वेळ आणि आकडा टिपायचा. ११७. ११६.५. ११७.५. ११७. एकच ११४ चं निघालं, तेव्हा जीव दडपला, परत काही बिघडलं की काय! संध्याकाळी भीत भीत आबांना विचारलं, की ते दुपारचं आधण तुम्ही जरा आधी उतरवलंत का? म्हातारा हसला. त्या महिन्यात पहिल्यांदाच. म्हणाला, "त्यो ऊस चोपणातला हुता. त्याला जास्त आटवून चालत न्हाई, कडू पडतो." आम्ही ते जसंच्या तसं रिपोर्टात घातलं.

करपलेलं आधणही घातलं. त्यावर आमच्यात भांडण झालं, ढेप्याला नको होतं. घरची गोष्ट होती त्याच्या. शेवटी त्यानेच ते पान टाइप केलं. 'उकळीची लय' मात्र दोन्ही पानं फाडून टाकली. आज वाटतं ठेवायला हवी होती.

व्हायवाला एक्स्टर्नलनी रिपोर्ट उघडला तो नेमका अ‍ॅम्प्लिफायरच्या सर्किटवर. गेन किती, ९९१ का, हजार का नाही, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केली तर काय होईल, पाणी किती अंशांना उकळलं. दहा मिनिटांत संपलं. सहा रव्यांचं पान त्यांनी उलटलं, थांबले नाहीत.

आता मी त्याच लॅबमध्ये शिकवतो. पोरांकडे आज पीसीआय कार्ड नाही, ईएसपी ३२ आहे, आणि शंभर-दोनशे रुपयांत मॅक्स ६६७५ ची छोटी पट्टी मिळते. अ‍ॅम्प्लिफायर, कोल्ड जंक्शन, बारा बिटचा एडीसी, सगळं एका चिपमध्ये. पाव अंशापर्यंत आकडा देते. छान आहे, मला तेव्हा मिळाली असती तर मेसची उधारी झाली नसती. पण ती चिप कोल्ड जंक्शन म्हणून स्वतःचंच तापमान धरते. गेल्या वर्षी एका ग्रुपने भट्टीच्या प्रोजेक्टला थर्मोकपलच्या तारा कमी पडल्या म्हणून पुढे साधी वायर जोडली होती आणि जोड भट्टीच्या अंगावर टेपने चिकटवला होता. "सर, लॅबमध्ये बरोबर येतं, तिथे कमी दाखवतं. वाऱ्यामुळे असेल." मी काही बोललो नाही. सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि त्यांच्या जोडाशेजारी ठेवून दिलं.

आबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. गुऱ्हाळ आता ढेप्याचा धाकटा भाऊ बघतो. त्याच्याकडे डिजिटल थर्मामीटर आहे, पण पाण्यात गोळी करून बघायची पद्धत अजून चालू आहे.

त्या सहा रव्यांपैकी पाच जनावरांच्या भावात गेले. सहावा अण्णांनी फेब्रुवारीत आमच्या जीपमध्ये टाकून दिला. "न्या, पोरं खातील," म्हणाले. तीस किलो. हॉस्टेलच्या जिन्याखालच्या दगडावर आपटून फोडायला लागायचा आणि चहात टाकला की चहा कडवट व्हायचा. विंगमधल्या पोरांनी तक्रार केली नाही, फुकट ते पौष्टिक. संपायला एप्रिल उजाडला.